पंखे बंद असतात तोवर

“आता सांगा काका, या दोनांतला वरचा कुठला?” हेमांगीने काचेपलीकडून विचारलं आणि मी मनातल्या मनात हसलो. तिचा दवाखाना बोरीवली स्टेशनच्या पश्चिमेला, एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर. खालून तळणाचा वास येत होता आणि मी कानांवर जाड हेडफोन चढवून एका बंद खोक्यात बसलो होतो. नीलाच्या, माझ्या बायकोच्या आग्रहामुळे आलो होतो, एवढंच. ती म्हणायची, दाराची बेल वाजली तरी तुम्हाला कळत नाही, आणि मी म्हणायचो, बेलच बिघडली आहे. हेमांगी कानांची तपासणी करणारी, माझ्या मुलीपेक्षाही लहान. तिने एक सूर उजव्या कानात सोडला, मग एक डाव्यात. “उजवा वरचा,” मी म्हणालो, “डावा उतरलाय. थोडाच, पण उतरलाय.” तिने पुन्हा वाजवलं. मी पुन्हा तेच सांगितलं, जरा ठासून, कारण सुराच्या बाबतीत मला दोनदा विचारायची कोणाला सवय नव्हती. मग ती उठून आत आली, हेडफोन काढून घेतले आणि म्हणाली, “काका, एकच सूर होता. दोन्ही वेळा, दोन्हीकडे.” खालच्या सुरांना माझे दोन्ही कान जुळतात, वर गेलं की डावा कान उतरलेलं सांगतो, असं तिने कागदावर रेघ काढून समजावलं. हे कधीपासूनचं असेल, मी विचारलं. “नक्की नाही सांगता येणार. पण काल-परवाचं नाही हे. दहा-बारा वर्षं तरी झाली असतील. हळूहळू जातं ना, म्हणून कळत नाही.” मी विचारलं, नऊपेक्षा जास्त? ती म्हणाली, “हो, बहुतेक. का, तेव्हा काही झालं होतं का?” मी नाही म्हणालो. स्टेशनचा पूल ओलांडताना मी वर्षं मोजत होतो. मानसी, माझी मुलगी, आमच्या मंडळात शेवटची गायली त्याला येत्या जानेवारीत नऊ वर्षं होणार होती. ती बेसूर आहे हे मीच ठरवलं होतं, आणि ठरवलं होतं ते डाव्या कानाने ऐकून.

मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. पूर्वेला कुलुपवाडीत आमची सोसायटी, तिच्या तळमजल्यावर हॉल, आणि त्यात दिवाळीनंतरच्या रविवारपासून होळीपर्यंत, दर रविवारी सकाळी आठला जमणारी तीसेक माणसं. गेली एकतीस वर्षं. हिवाळ्यातच का, तर हॉलला सहा पंखे आहेत आणि सहाही खडखडतात. मुंबईची थंडी म्हणजे काय, पंखे बंद ठेवता येतात तेवढे तीन-चार महिने. तेवढ्यात जे काय ऐकून घ्यायचं ते घ्यायचं. गाणारे आमच्यातलेच असायचे. कोणी शिक्षिका, कोणी बँकेतला, कोणी बारा-पंधरा वर्षं गुरूकडे शिकलेलं पण पुढे नोकरीत अडकलेलं. मी गाणारा नव्हे. माझा गळा फाटका आहे आणि मी जन्मभर विम्याच्या कचेरीत फायली पाहिल्या. पण कान होता. तो कुठून आला कोण जाणे, लहानपणापासून होता, आणि माझ्याजवळ अभिमान धरण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे मी तो भरपूर धरला. पहिल्याच वर्षी कधीतरी शिवदास, मंडळातला माझा जुना मित्र, थट्टेत म्हणाला, “विद्याधर बोलल्याशिवाय चहा ओतायचा नाही.” आणि ती प्रथाच पडली. गाणं संपलं की टाळ्या नाहीत. सगळे माझ्याकडे बघायचे. मी एक शब्द बोलायचो. ‘आहे’, म्हणजे सूर आहे, किंवा ‘नाही’. दोन्ही शब्दांनंतर चहा तोच यायचा, पण तो पिण्यात फार फरक असायचा. बहुतेकांना मी ‘आहे’च म्हणायचो, ‘नाही’ वर्षातून एखाद-दुसरं. त्यामुळे त्याला वजन होतं. बसायची जागाही ठरलेली. खिडकीशेजारी एक खांब आहे, त्याला उजवा खांदा टेकून मी बसायचो. गाणाऱ्याकडे माझा डावा कान. एकतीस वर्षं मी त्या जागेवर कोणाला बसू दिलं नाही.

मानसी तेव्हा चोवीस वर्षांची होती. बारा वर्षं गोरेगावला तिच्या बाईंकडे शिकत होती आणि बाईंनीच तिला सांगितलं होतं, आता बस मंडळात, तुझ्या बाबांसमोर बस. ती जौनपुरी गायली. सकाळचे नऊ वाजले असतील. खिडकीतून ऊन तिच्या पायांपर्यंत आलं होतं आणि तिने मोजे घातलेले होते, हे मला आठवतं, कारण थंडी खरोखरच पडली होती त्या वर्षी. छान चाललं होतं. मग ती वरच्या ‘सा’वर गेली आणि तिथे थांबली. खूप वेळ थांबली. ती जागाच थांबण्याची असते, आणि ती डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, अजिबात न हलता त्या सुरावर उभी राहिली. माझ्या डाव्या कानाला तो सूर उतरलेला लागत होता. माझी मुलगी, बारा वर्षं शिकलेली, आणि वरचा सा उतरतोय, आणि तिला कळतही नाहीये! मी सगळ्यांकडे पाहिलं; ते माझ्याकडे पाहत नव्हते, तिच्याकडे पाहत होते, काहींचे डोळे मिटलेले होते. गाणं संपलं. मला ‘आहे’ म्हणता आलं असतं. तसं म्हणावंसं वाटलं, याची मला शपथ घेता येईल. पण मग वाटलं, दुसऱ्याच्या मुलीला मी काय म्हणालो असतो? आणि मी म्हणालो, “नाही.” मानसी हसली. तानपुऱ्याला गवसणी घातली, चहा सगळ्यांना दिला, मला आणून दिला. पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही, आणि मार्चमध्ये तिने बाईंकडे जाणं थांबवलं. नोकरी नवी आहे, वेळ होत नाही, असं आम्ही सगळ्यांना सांगत राहिलो. मंडळात मात्र माझी किंमत वाढली. पोटच्या पोरीलाही सोडलं नाही यांनी, असं लोक एकमेकांना सांगायचे आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मशीन आलं. दोन्ही कानांमागे एकेक, शेंगदाण्याएवढं. पहिले दोन दिवस घर म्हणजे कारखाना झाला. वर्तमानपत्राची घडी, चिवड्याची पिशवी, नीलाची पाटल्या-बांगड्यांची किणकिण, माझं स्वतःचं चावणं. नीला हळूच काही पुटपुटायची आणि मी पलीकडच्या खोलीतून उत्तर द्यायचो. तिची चांगलीच पंचाईत झाली. मग तिसऱ्या दिवशी सकाळी मी धीर करून माझी जुनी ध्वनिमुद्रणं लावली, चाळीस वर्षं ऐकलेली, ज्यांतला श्वास न् श्वास मला पाठ आहे. तानपुरा पत्र्याचा झाला होता. गाणारा माणूस नाकाला चिमटा लावून बसल्यासारखा. मी मशीन काढलं, तर तानपुरा तर नाहीच, नुसती एक गुणगुण. मला रडू आलं. सहासष्टाव्या वर्षी सकाळी साडेसातला सोफ्यावर बसून मी रडलो आणि नीला आतून बाहेर आली नाही. तिला ऐकू आलं नसेल असं नाही. हेमांगीकडे तक्रार घेऊन गेलो तेव्हा ती म्हणाली, “काका, जुनं ऐकू नका. निदान दोन-तीन महिने.” मी विचारलं, मग काय ऐकू? “नवीन. पूर्वी कधीच ऐकलं नाही असं. जुनं गाणं तुम्ही कानाने ऐकतच नाही, आठवणीने ऐकता. आठवण वेगळं सांगते आणि मशीन वेगळं, मग भांडण होतं डोक्यात. नवीन गाण्याची आठवणच नाही ना. ते जसं येईल तसं येईल. हिवाळा आहे, पंखे बंद आहेत, मशीनमध्ये खरखर कमी येते. हेच दिवस बरे.” पोरीला काही माहीत नव्हतं, आणि तरी तीही पंख्यांवरच आली. मला आश्चर्य वाटलं.

नवीन म्हणजे काय, हाच माझा प्रश्न होता. माझ्या मते नवीन गाणं म्हणजे जुन्या माणसाचं मी न ऐकलेलं गाणं, आणि तसं काही उरलेलं नव्हतं. दोन दिवस मी फोनवर काहीबाही शोधत बसलो. फोन मला पुन्हा पुन्हा तेच जुनं आणून द्यायचा, मला ओळखत असल्यासारखा. शेवटी मी मानसीला फोन केला. ती मुलुंडला राहते, नवरा केतन आणि ती दोघंही औषधाच्या कंपनीत. आमचं बोलणं रोज होतं. आईचा गुडघा, गॅसचं बुकिंग, कोणाचं लग्न, सगळ्यावर होतं. फक्त गाण्यावर नऊ वर्षांत झालं नव्हतं. टीव्हीवर कोणी गायला लागलं तर ती उठून पाणी प्यायला जायची आणि मी चॅनेल बदलायचो. “मानसी, मला नवीन गाणी पाठव,” मी म्हणालो. “कोणाला?” “मला.” “बाबा, बरा आहेस ना तू? आईला दे फोन.” मी तिला मशीनचं सांगितलं, जुनं ऐकायचं नाही ते सांगितलं. डाव्या कानाचं सांगितलं नाही. तोंडाशी आलेलं मी गिळलं आणि म्हणालो, “तू ऐकत असशील ना काहीतरी? तेच पाठव.” ती म्हणाली, “मी ऐकते ते तुला झेपणार नाही.” पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पहिलं गाणं आलं.

रोज एक येऊ लागलं. मी ते घेऊन नॅशनल पार्कात फिरायला जायचो. आत थोडं चाललं की एक बाक आहे, तिथे गर्दी नसते. कानटोपी मशीनवरून ओढली की शिट्टी वाजते, म्हणून डोकं उघडं ठेवून, मफलर गळ्याला, असा मी बसायचो आणि फोन छातीशी धरायचो. पहिलं गाणं आफ्रिकेतल्या कुठल्याशा वाळवंटातलं होतं. एक बाई दोनच तारांच्या वाद्यावर काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला त्यात सा कुठे आहे तेच सापडेना. आयुष्यात पहिल्यांदा मी सा न सापडता एक गाणं पूर्ण ऐकलं. मग एक नुसता पियानो, एक सूर वाजवून माणूस इतका वेळ थांबे की मला वाटे मशीनची बॅटरी गेली. मग भांडुपची काही पोरं, भराभर बोलणारी, नळाला येणाऱ्या पाण्यावर आणि बापाच्या खोकल्यावर. मला शब्द न् शब्द कळला याचाच इतका आनंद झाला की मी तिला लिहिलं, झकास. तिने हसण्याची पाच चित्रं पाठवली. एकदा बर्फाच्या देशातलं एक वृंदगान आलं. बायका उभ्या राहून दोन अगदी लागून असलेले सूर एकाच वेळी धरत होत्या, एकमेकींना घासत, आणि सोडतच नव्हत्या. बेसूर आहे, मी लिहिलं. तिचं उत्तर लगेच आलं, “ते मुद्दाम तसंच आहे बाबा. नीट ऐक.” मी चार वेळा ऐकलं. चौथ्या वेळी मला ते भयंकर वाटलं आणि सुंदरही वाटलं. माझे दोन कान दहा-बारा वर्षं हेच करत होते, आणि मी त्यांतल्या एकाचं ऐकून दुसऱ्याला गप्प बसवलं होतं. मला त्या बाकावरून उठवेना. समोरून एक माकडीण पिल्लाला पोटाशी धरून गेली, सकाळी फिरणारे लोक हात झुलवत गेले, आणि मी मानसीला काहीतरी लिहावं म्हणून फोन उघडून बसलो. शेवटी मी लिहिलं, उद्या अजून एक पाठव.

या सगळ्यात एक गोष्ट आठवली, जी मी इतकी वर्षं विसरलो होतो. मानसी गायली त्याच हिवाळ्यात मंडळाची पेटी बिघडली होती. बिघडली होती असं मी म्हणत होतो. वरच्या पट्ट्या उतरल्या आहेत, मी शिवदासला सांगितलं, आणि आम्ही पेटी दुरुस्तीला दिली. पेटीवाला मोठा गुणी माणूस, चाळिशीतला, हळू बोलणारा. त्याने पेटी परत आणली आणि म्हणाला, “साहेब, पेटी बरोबर आहे.” मी वाजवून पाहिली, उतरलेलीच. पुन्हा पाठवली. त्याने पुन्हा आणली, आणि या वेळी तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. “साहेब, पेटी बरोबर आहे,” एवढंच पुन्हा म्हणाला आणि चहा न घेता गेला. मी त्याच्यावर चिडलो आणि आम्ही नवी पेटी आणली. तीही मला फारशी कधी आवडली नाही. तो पेटीवाला मला तेव्हाच सांगत होता. त्याला कळलं होतं, आणि भिडेपोटी तो बोलला नाही. त्याच्यासारखं आणखी कोणाला कळलं होतं, हा प्रश्न मग मला खाऊ लागला, आणि एका सकाळी नीला ओट्याशी बसून मटार सोलत होती तेव्हा मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो. मदतीला शेंगा घेतल्या. म्हणालो, “त्या दिवशी मानसीचा वरचा सा कसा होता गं?” कुठल्या दिवशी, असं तिने विचारलं नाही. तिची बोटं थांबली नाहीत. “लागला होता,” ती म्हणाली. “मी मागच्या रांगेत होते, बायकांत. माझ्या अंगावर काटा आला होता.” मी विचारलं, मग तू बोलली का नाहीस? तेव्हा तिने पहिल्यांदा वर पाहिलं. “अहो, तुम्ही ‘नाही’ म्हटल्यावर त्या खोलीत दुसऱ्या कोणाचे कान चालायचे का? मलाच वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. आई आहे ना, म्हणून गोड लागलं असेल.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “तुमचा डावा कान गेलाय ते मला चार वर्षांपासून माहीत आहे. त्या बाजूने हाक मारली की तुम्ही वळत नाही.” मी तिला हेमांगीने सांगितलेलं सगळं सांगितलं. सोललेले दाणे आणि टरफलं मी एकाच भांड्यात टाकत होतो. तिने ते भांडं माझ्या हातातून काढून घेतलं. “तिला सांगा,” ती म्हणाली. “मला सांगून काय उपयोग?”

पण मी आधी मंडळात सांगितलं. जिथे म्हटलं होतं तिथेच परत घ्यावं असं मला वाटलं. आणि मानसीला सांगायची भीती वाटत होती, हेही खरंच. जानेवारीचा दुसरा रविवार होता. श्वेता नावाची एक मुलगी भैरव गायली, पहिल्यांदाच बसली होती, आणि गाणं संपल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. चहाची किटली दारात आली. मी खांबाजवळून उठलो. म्हणालो, “मला माहीत नाही. तुमचं गाणं मला फार आवडलं, पण सूर आहे की नाही ते मी सांगू शकत नाही. माझा डावा कान वरचे सूर उतरवून सांगतो. दहा-बारा वर्षं तरी तसं आहे. या वर्षांत मी ज्यांना ‘नाही’ म्हटलं त्यांनी ते मनावर घेऊ नये.” किटली धरलेला माणूस ओतू की नको या विचारात उभाच. मग मागून एक गृहस्थ, ज्यांना मी सहा वर्षांपूर्वी मोठ्या कौतुकाने ‘आहे’ म्हटलं होतं, दुखावल्या आवाजात म्हणाले, “आणि ज्यांना आहे म्हणालात त्यांचं काय?” याचा मी विचारच केला नव्हता. शिवदासने मला हाताला धरून बाहेर नेलं. “असं सगळ्यांत सांगायची काय गरज होती रे?” तो म्हणाला. तो खरंच रागावला होता. “लोकांनी तुझ्या एका शब्दावर आयुष्यं काढली आहेत यार. मानसीसाठी केलंस ना हे? मग तिच्याकडे जा ना, इथे काय करतोयस?” मी त्याला म्हणालो, तिची त्या दिवशीची टेप असेल तुझ्याकडे. तो पहिल्या दिवसापासून प्रत्येक बैठक एका छोट्या यंत्रावर घेतो. “असेल म्हणजे? सगळं आहे. चहाचे कप वाजेपर्यंत मी कधी बंद केलेलं नाही.” त्याच संध्याकाळी त्याने पेनड्राइव्ह आणून दिला, वर कागद चिकटवून तारीख लिहिलेली. मी तो देवघराच्या खणात ठेवला आणि महिनाभर हात लावला नाही. मला वाटत होतं, नीला म्हणाली तसा तो सूर लागला असेल तर मी काय करणार. आणि लागला नसेल, मी बरोबर असेन, तर मला बरं वाटेल, आणि ते जास्त वाईट होतं.

फेब्रुवारीच्या मधल्या एका रविवारी मानसी आली. गाणी रोज येतच होती. सत्तरावं की एकाहत्तरावं ते आता मला आठवत नाही. दार उघडताच म्हणाली, “काय उकडतंय रे बाबा,” आणि तिचा हात सवयीने पंख्याच्या बटणाकडे गेला. “थांब,” मी म्हणालो, “नको लावूस. थोडा वेळ.” तिने हात खाली घेतला. ती माझ्या उजव्या बाजूला बसावी अशी मी खुर्ची ठेवली होती. काय बोलायचं ते मी महिनाभर ठरवत होतो, त्यातलं एकही वाक्य बोललो नाही. सरळ सांगितलं, जसं हेमांगीने मला सांगितलं होतं तसं, कागदावर रेघ काढून. हा उजवा, हा डावा, इथून वर हा उतरतो. तू इथे होतीस. मी असा बसलो होतो. मी चुकलो, मानसी. तुझं गाणं मी बंद पाडलं. माझा आवाज फाटला, पण तो तसाही फाटकाच आहे. तिने तो कागद हातात घेतला आणि डाव्या कानाच्या रेघेवरून बोट फिरवलं.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “कान-बिन नाही, ते नव्हतं माहीत. पण सूर लागला होता ते माहीत होतं. लागलेला सूर गाणाऱ्याला कळतो ना बाबा. इथे, छातीत कळतो. मला इतका पक्का आधी कधीच लागला नव्हता. आणि तू ‘नाही’ म्हणालास.” मी म्हणालो, मग भांडायचंस ना माझ्याशी. “कशी भांडणार? तू चुकतोस असं आपल्या घरात कोणी कधी म्हटलंय? दोघांतलं एक खोटं धरायला लागणार होतं, तुझं नाही तर माझं. मी माझं धरलं.” ती रागाने बोलत नव्हती. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. “आणि एकदा छातीतलंच खोटं धरल्यावर गाणार कशाच्या जिवावर? म्हणून मग ऐकायला लागले. जिथे सा कुठे आहे ते तुला-मला कळणार नाही असलं शोधून शोधून.” मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. अडीच महिने मी पार्कातल्या बाकावर बसून ऐकलेली ती सगळी गाणी, तिने नऊ वर्षं माझ्यापासून लांब जाऊन शोधलेली होती, आणि मी मागितल्यावर ती एकेक करून मला देऊन टाकली होती.

मी उठलो आणि खणातून पेनड्राइव्ह आणला. तिने तारीख वाचली. मी म्हणालो, “मी ऐकलेला नाही अजून. मला ऐकून कळणारही नाही. तू सांग.” ती नको म्हणेल असं वाटलं, पण तिने तो स्वतःच टीव्हीला लावला. नीला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हातात चहाचं पातेलं आणि सांडशी. हॉलमधली कुजबुज, शिवदासचा खोकला, तानपुरा जुळतोय, मग चोवीस वर्षांची मानसी. तेहतीस वर्षांची मानसी हात मांडीवर ठेवून, अजिबात न हलता ऐकत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. गाणं चढत गेलं, वर पोहोचलं आणि थांबलं. मला तो सूर उतरलेला ऐकू आला. दोन मशीनं, अडीच महिने, सत्तर गाणी, आणि तरीही तो मला अगदी तेव्हाइतकाच उतरलेला ऐकू आला. मी दुसरं काहीही ऐकायला तयार होतो, पण माझा कान तयार नव्हता. मानसीचे डोळे भरून आले होते. गाणं संपलं, टाळ्या नाहीत, नुसती ती शांतता, आणि एकदम मला आठवलं की यात पुढे काय आहे. मी रिमोटसाठी हात लांब केला. “राहू दे,” ती म्हणाली. खोलीभर माझाच आवाज झाला, नऊ वर्षांनी तरुण, अगदी ठाम. “नाही.”

“आहे,” मानसी म्हणाली.

मी मान डोलावली. टीव्हीत कप वाजू लागले. नीला पुढे आली आणि तिने चहा ओतला.